कशेडीच्या अलीकडे विकलेली गोधडी

दापोली-केळशीबद्दल लिहा, असं तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी कळवलंय. तिथली हॉटेलं, समुद्र आणि ताजी मासळी यांवर लिहिणारे आता खंडीभर लोक आहेत, त्यामुळे ती माहिती तुम्हाला कुठेही मिळेल. मी केळशीला गेले ते ऐंशीच्या दशकात, संक्रांतीच्या सुमाराला, आणि फिरायला म्हणून नाही. मी कुंदामावशीच्या पिशव्या उचलायला गेले होते. सहल आनंदाची नव्हती हे आधीच सांगते, म्हणजे नंतर तक्रार नको.

बी.ए. होऊन मी दोन वर्षं घरी बसले होते. घरातल्या सगळ्यांच्या डोळ्यांवर येत होते. माझ्या आईची धाकटी बहीण कुंदामावशी परळला राहायची आणि एकटीच्या जिवावर ‘फॉरेनचा माल’ विकायची. जहाजावर आणि आखातात नोकरीला असलेली कोकणातली माणसं सुट्टीवर येताना नायलॉनच्या साड्या, साबण, थर्मास, टेपरेकॉर्डर घेऊन यायची. पुढे घरात नड निघाली की त्यातलं काहीबाही विकायला निघायचं. मावशी ते घ्यायची आणि दादर-पार्ल्याच्या बायकांना विकायची. एका बाईच्या घरातली वस्तू दुसऱ्या बाईच्या घरात नेऊन ठेवायची आणि मधल्या वाटेत ती कुणाची होती हे पुसून टाकायचं, एवढाच तिचा धंदा. ‘घरी बसून माश्या मारतेस, त्यापेक्षा चल माझ्याबरोबर,’ ती म्हणाली. मला वाटलं, चला, तेवढंच कोकण बघून होईल.

मुंबई सेंट्रलहून सकाळी सहाची एसटी धरली. दापोलीचं तिकीट तेव्हा तीसेक रुपये होतं. खिडकीची जागा मिळाली तर डाव्या बाजूला बसू नका, सकाळचं ऊन थेट तोंडावर येतं. महाडला गाडी अर्धा तास थांबली, तिथे उसळ-पाव खाल्ला. उसळ बरी होती, पाव कालचा होता. पोलादपूर सोडलं की कशेडी घाट सुरू होतो आणि घाट उतरला की रत्नागिरी जिल्हा लागतो. घाटाच्या वळणांवर मावशी मला धंद्याचे नियम शिकवत होती.

‘जित्या माणसाचा माल कुठेही विकावा,’ ती म्हणाली. ‘मयताचा माल मात्र कशेडीच्या पलीकडे मुंबईच्या बाजूला गेल्याशिवाय सोडायचा नाही. अलीकडे विकलास तर तो फिरून त्याच गावात जातो. नवऱ्याचं घड्याळ दुसऱ्याच्या मनगटावर बघायची पाळी कुणा बाईवर आणायची नाही.’

‘मयताचा माल पण घेतेस?’ मी विचारलं.

‘मी नाही घेतला तर दुसरा कुणी घेईल, आणि तो कशेडीपर्यंत थांबणार नाही.’

दापोलीहून केळशीची गाडी मिळाली आणि आम्ही दिवेलागणीला पोचलो. मावशीच्या ओळखीच्या एका काकूंकडे उतरलो. तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं आणि ओल्या खोबऱ्याची चटणी, इतकं चांगलं जेवण मी त्या अख्ख्या प्रवासात पुन्हा जेवले नाही. जेवताना काकूंनी सुलभाची हकिगत सांगितली.

सुलभाचा नवरा चंद्रकांत जहाजावर खलाशी होता. पाच महिन्यांपूर्वी तो परदेशातल्या कुठल्याशा बंदरात तापाने गेला. तिथेच त्याचं सगळं उरकलं. घरी आली ती तार, आणि आता महिन्यापूर्वी त्याची पेटी. घरात सुलभा आणि तिची सासू, दोघीच. सासूचे पाय गेलेले, काळीज नाजूक, आणि चंद्रकांत एकुलता एक. तार आली तेव्हा डॉक्टर म्हणाले, म्हातारीला हे सोसणार नाही. म्हणून सांगितलंच नाही. नंतर सांगू, नंतर सांगू करता करता पाच महिने झाले. पेटी शेजारच्यांच्या गोठ्यात पेंढ्याखाली लपवलेली होती.

‘आणि कुंकू?’ मावशीने विचारलं.

‘लावते. मंगळसूत्रपण हाय. म्हातारी दिवसभर ओटीवर, काय करील ती?’ काकू म्हणाल्या. ‘परवा संक्रांतीचं हळदीकुंकू झालं. आमी गेलो. नाय लावलं तर म्हातारी विचारील. म्हणून लावलं सुलभाला. कुणी कुणाच्या तोंडाकडे बगत नव्हतं.’

मी चोवीस वर्षांची होते आणि असल्या गोष्टी ऐकल्या की मला राग यायचा. हे सगळं गाव मिळून खोटं बोलतंय, असं मी काकूंच्या तोंडावर म्हणाले. मावशीने मला कोपराने ढोसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्या गोठ्यात गेलो. केळशीला माडांच्या सावलीतून चिऱ्यांच्या गडग्यांमधल्या दगडी पायवाटा, म्हणजे पाखाड्या, जातात, त्यांवरून चालणं फार सुंदर आहे. खाडीच्या तोंडाशी वाळूची मोठी टेकडी आहे, तीही बघा. मी त्या दिवशी यातलं काही धड बघितलं नाही, कारण सुलभा गोठ्यात आमची वाट बघत होती आणि तिच्या कपाळावरचं कुंकू चांगलं रुपयाएवढं होतं. असेल माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठी.

तिने पेटी उघडली. टू-इन-वन टेपरेकॉर्डर, घड्याळ, जाड जाकीट, दोन शर्ट, दाढीचं सामान. मावशी एकेक वस्तू हातात घेऊन भाव सांगत गेली आणि सुलभा नुसती मान हलवत गेली. तिने एकदाही घासाघीस केली नाही. तळाशी एक गोधडी निघाली. जुन्या लुगड्यांची, चौकोनात चौकोन अशी शिवलेली, आणि एका कोपऱ्यात खाकी कापडाचा त्रिकोणी तुकडा.

‘हिला गिऱ्हाईक नाही गं,’ मावशी म्हणाली.

‘असू दे. तशीच न्या,’ सुलभा म्हणाली. ‘सासूबायनी शिवलेली हाय. जाळायला धीर होत नाय, आणि घरात ठेवता येत नाय.’ मग तिने टेपरेकॉर्डर त्या गोधडीत नीट गुंडाळला आणि मावशीचा हात धरला. ‘ताई, यातलं काय पण हिकडं दिसता नये. सासूबायना दिसलं तर मरतील त्या.’

मावशीने शब्द दिला. मी तिथेच उभी होते, शब्द मीही ऐकला.

निघताना त्यांच्या घरावरून जावं लागलं. ओटीवर म्हातारी पाय लांब करून सुपात तांदूळ निवडत बसली होती. ‘मुंबयच्या काय गो?’ तिने विचारलं. मावशी म्हणाली, हो, साड्या विकतो. ‘आमचा चंदू आला की या. तो आणतो चांगल्या चांगल्या साड्या,’ म्हातारी म्हणाली. माझ्या हातात तिच्या मुलाचा टेपरेकॉर्डर होता, तिनेच शिवलेल्या गोधडीत. नशिबाने वरून मावशीने पोत्याचं कापड बांधलं होतं.

तिथून आम्ही थेट मुंबईला परतायला हवं होतं. पण मावशीला सावर्ड्यात आणि रत्नागिरीत गिऱ्हाइकं होती. दापोली, खेड, चिपळूण असे धक्के खात आम्ही दुपारी सावर्ड्याला पोचलो. सावर्डे हमरस्त्यावरच आहे, बाजार भरलेला होता. मावशी एका डॉक्टरीणबाईंकडे साबण-पावडर द्यायला गेली आणि मला सामानापाशी बसवून गेली. वाटेत चिपळूणला तिने टेपरेकॉर्डर पत्र्याच्या ट्रंकेत घातला होता, त्यामुळे गोधडी मोकळी झाली होती. ट्रंकेत ती मावत नव्हती, पिशवीतून ओसंडत होती आणि माझ्या हाताला रग लागली होती.

शेजारी सुकी मासळी घेऊन एक बाई बसली होती. पन्नाशीची, तोंडाने फटकळ. तिने गोधडीचं टोक चिमटीत धरून बघितलं.

‘विकतंस काय गो ही?’

मी विचारच केला नाही असं नाही. केला. मला मावशीचा नियम आठवला आणि लगेच वाटलं, तो मालाचा नियम आहे. माल म्हणजे टेपरेकॉर्डर, घड्याळ, जाकीट. गोधडी तर गुंडाळायला दिलेली, तिला मावशीने स्वतः गिऱ्हाईक नाही म्हटलेलं. आणि मला गिऱ्हाईक मिळालं होतं. खरं सांगायचं तर मला मावशीला करून दाखवायचं होतं. मी दहा सांगितले, बाईने पाच, सातवर सौदा पटला. ती कुठली, कुठे जाणार, काही विचारलं नाही. गोधडी तिने पाठीमागे टाकली आणि तिच्यावर ऐसपैस बसली. मी मावशीला काही बोलले नाही, रत्नागिरीला पोचल्यावर ऐटीत सांगायचं ठरवलं होतं.

रात्र मागे चिपळूणला येऊन मावशीच्या एका मैत्रिणीकडे काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी रत्नागिरीच्या गाडीने निघालो. हातखंब्याला हमरस्ता सोडून गाडी रत्नागिरीकडे वळते. तिथल्या एका टपरीवर आम्ही चहाला उतरलो. चहा पन्नास पैसे, वडा जेमतेम, पण गरम. तिथे पिशव्या नीट लावताना मावशी म्हणाली, ‘गोधडी कुठाय?’

मी सात रुपये बाकावर ठेवले आणि हसले.

मावशी ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खाली बसली. मग हळू आवाजात म्हणाली, ‘अगं, टेपरेकॉर्डर सगळे सारखे असतात. घड्याळंसुद्धा. शेजारून गेलं तरी म्हातारीला ओळखू आलं नसतं. त्या पेटीत ओळखता येणारी वस्तू एकच होती, आणि ती तिने स्वतःच्या हाताने शिवलेली होती.’

एवढी साधी गोष्ट मला दिसली नव्हती. आम्ही माणसं वस्तूला किंमत किती येते एवढंच बघत होतो, आणि जिला किंमत नाही ती आमच्या हिशेबी वस्तूच नव्हती.

‘तू विकलीस, तूच आण,’ असं म्हणून मावशीने मला पैसे दिले आणि ती एकटी रत्नागिरीला गेली.

मी सावर्ड्याला परतले. बाजार उठून गेला होता, मोकळ्या जागेत कुत्री फिरत होती. कोपऱ्यावर केळी विकणारा एक म्हातारा होता, त्याला मासळीवाल्या बाईचं विचारलं.

‘हिराबाय? ती हर्णैची. हितला बाजार झाला की किनाऱ्यानं फिरते दारोदार. हर्णै, आंजर्ले, केळशी.’

केळशी म्हटल्यावर मी त्याच्याकडून अर्धा डझन केळी घेतली. का घेतली ते मलाही कळलं नाही. दापोलीला पोचेपर्यंत शेवटची गाडी गेली होती. एसटी स्टँडजवळच्या लॉजमध्ये पंधरा रुपयांत खोली मिळाली, उशीला खोबरेल तेलाचा वास होता. एकट्या बाईला खोली देताना मालकाने तीनदा नाव विचारलं. सकाळच्या पहिल्या गाडीने मी केळशीला गेले. वाटभर स्वतःला समजावत होते, की हिराबाय अजून हर्णैलाच असेल, की गोधडी तिने घरी ठेवली असेल, की म्हातारीचे डोळे अधू असतील.

म्हातारी ओटीवर बसली होती. सूप बाजूला होतं आणि मांडीवर गोधडी होती. खाकी तुकड्यावर तिचा अंगठा सारखा फिरत होता.

मी पायरीशीच उभी राहिले.

‘ये,’ ती म्हणाली. ‘सून पाण्याला गेलीय. बस.’

मी बसले.

‘हिराबाय काल सांजचं ही घेऊन आली, सून घरात नव्हती तवा. रातभर अंथरुणाखाली दडवली. म्हटली, मुंबयच्या एका पोरीनं सावर्ड्यात विकली. तूच ना?’

‘हो.’

‘केवढ्याला?’

‘सात रुपये.’

‘मी चार नारळ दिले. हिराबायला फायदा झाला.’ तिने गोधडीचा कोपरा माझ्यापुढे धरला. ‘हा चंदूच्या शाळेच्या चड्डीचा तुकडा. पयल्यांदा जहाजावर गेला तवा शिवली. माणूस घरी येतो तवा सामान त्याच्यासंगती येतं. हे एकटंच कसं आलं?’

तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं.

‘चंदू कवा गेला?’

‘मला माहीत नाही, आजी.’

‘शिकलेली दिसतेस. खोटं बोलायला नाय शिकलीस,’ ती म्हणाली. आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणी नव्हतं. ते आदल्या रात्री झालं असणार. ‘गावाला ठावं हाय?’

‘हो.’

‘हळदीकुंकवाला बाया आल्या तवा सगळ्या खाली बगून बसलेल्या. मला वाटलं, माज्या पायांकडं बगतात.’

मला रडू फुटलं. मी माफी मागायला लागले, तर तिने हाताने थांबवलं, जणू तेवढा वेळ नव्हता. गोधडीची घडी घातली आणि माझ्या पिशवीत स्वतः कोंबली.

‘ही घेऊन जा. सुनेला दिसता नये. मला कळलं हे तिला कळलं, की त्याच दिवशी तिला कुंकू पुसावं लागेल. बांगड्या फोडायला बाया येतील. माज्यापायी हाय ते, मी हाय तवर राहू दे कपाळावर. तिला दिसली तर मरेल ती.’

दोन दिवसांपूर्वी गोठ्यात मी हेच शब्द ऐकले होते.

‘आणि ठेवून घेऊ नको हां,’ ती म्हणाली. ‘वीक. लांब नेऊन वीक. विकलं की सुटतं.’

पाखाडीवर पावलं वाजली. सुलभा डोक्यावर हंडा घेऊन आली. मला बघून ती जागीच थांबली आणि हंड्यातलं पाणी तिच्या खांद्यावर सांडलं.

‘मुंबयची बाय आलीय गो,’ म्हातारी म्हणाली. ‘विचारते, चंदू आला की टेपरेकॉर्डर आणील काय म्हणून.’

सुलभाच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. ‘आणतील ना,’ ती म्हणाली. ‘पत्रात कळवते त्यांना.’

‘कळव,’ म्हातारी म्हणाली. ‘संक्रांत सरली नाय अजून. बायला तिळगूळ दे, हळदीकुंकू लाव.’

सुलभाने आतून तबक आणलं. मला हळद लावली, कुंकू लावलं, हातावर तिळाची वडी ठेवली. मग रीतीप्रमाणे तबक माझ्याकडे आलं. बाईने लावलं की आपणही तिला लावायचं असतं. मी म्हातारीकडे बघितलं. तिने मान हलवली, लाव. मी सुलभाच्या कपाळावर कुंकू लावलं. त्यातलं थोडं तिच्या नाकावर सांडलं. नाकावर कुंकू सांडलं की नवऱ्याचं फार प्रेम असतं म्हणतात. म्हातारीच ते म्हणाली, हसत. सुलभाही हसली. मी कसंबसं पाणी प्यायले आणि पिशवी पोटाशी धरून निघाले. केळी ओटीवरच राहिली.

केळशीहून दापोली, दापोलीहून मुंबई. कशेडी चढताना मी पिशवीवर हात ठेवून बसले होते. मावशी दोन दिवसांनी परतली. ‘मिळाली?’ तिने विचारलं. ‘मिळाली,’ मी म्हटलं. ‘म्हातारीच्या आधी?’ मी हो म्हटलं. जन्मभरात मावशीला मारलेली माझी ती एकमेव थाप.

गोधडी आठवडाभर माझ्या उशाला होती. ठेवून घ्यावी असं फार वाटलं. पण मला तिने ठेवायला दिली नव्हती. परळला पुलाखाली चिंध्या आणि जुने कपडे विकणारी एक बाई बसायची, तिच्याकडे नेली. ‘कुणाची?’ तिने विचारलं. ‘आमच्याच घरची,’ मी म्हटलं. तिने पाच रुपये दिले. मी मावशीचा धंदा सोडला आणि टायपिंगचा क्लास लावला. विकलं की सुटतं असं म्हातारी म्हणाली होती. वस्तू सुटली असेल. अजून कुठल्याही गावी कठड्यावर गोधडी वाळत घातलेली दिसली की मी कोपरे बघते.

आता फॉरेनचा माल गल्लोगल्ली मिळतो, मावशीचा धंदा केव्हाच बसला. तुम्ही केळशीला जा, वाळूची टेकडी बघा, पिठलं-भाकरी मिळाली तर सोडू नका.

दीड वर्षांनी सुलभा परळला मावशीकडे आली होती, कामाच्या शोधात. मी तेव्हा तिथेच होते. कपाळ मोकळं, हात मोकळे. सासू गेली, त्याच दिवशी तिने कुंकू पुसलं होतं. मावशीने चहा केला. सुलभा कप दोन्ही हातांत धरून बसली. दमलेली होती, पण बोलताना तिची मान ताठ होती.

‘शेवटपर्यंत कळू दिलं नाय मी त्यांना,’ ती म्हणाली. ‘जायच्या आदल्या दिवशी म्हणाल्या, चंदूला पत्र टाक, सुलभानं माजं फार केलं म्हणून लिही.’

‘लिहिलंस?’ मावशीने विचारलं.

‘लिहिलं. वाचून दाखवलं त्यांना.’

मी तिला आणखी चहा हवा का म्हणून विचारलं.